स्टॅबिलायझर असूनही थरथरणारी पिकअप: म्हसरूळच्या गॅरेजमधलं एक प्रकरण

सप्टेंबरचा दुसरा आठवडा होता, टोमॅटोचा हंगाम भरात. दिंडोरी तालुक्यातले एक बागायतदार आपली पिकअप घेऊन आमच्या म्हसरूळच्या गॅरेजवर आले. वय साठीच्या पुढे, गावात सगळे त्यांना नाना म्हणतात, म्हणून मीही नानाच म्हणतो. गाडी त्यांचा पुतण्या चालवतो. नाना उतरता उतरताच म्हणाले, "भाऊ, याला आता डबल स्टॅबिलायझर टाक, अन् चारी शॉकअप गॅसचे हेवीवाले. पैशाचं बघू नको. पोरगं रात्रीचं कसारा उतरतं."

शेवटचं वाक्य ऐकलं आणि गाडी लगेच लिफ्टवर घेतली नाही. आधी पुतण्याला बाकावर बसवलं, चहा मागवला आणि गाडी नेमकं काय करते ते त्याच्या तोंडून ऐकलं. माझ्या अनुभवात स्टेअरिंगच्या तक्रारीत ही पंधरा मिनिटं अर्धं काम करून जातात.

गाडी सात वर्षांची, सव्वा लाख किलोमीटर झालेली, दीड टन पासिंगची, म्हणजे दीड टन माल भरायची परवानगी असलेली. समोर सलग आडवा ॲक्सल, पुढेमागे पाटे (एकावर एक लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग), पॉवर स्टेअरिंग. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण बिघाड कंपनीने केलेला नव्हता. समोर सलग ॲक्सल आणि पाटे असलेल्या कुठल्याही गाडीत हे होऊ शकतं.

पुतण्याने सांगितलेलं असं. पिंपळगावला माल उतरवून, किंवा वाशीहून रिकामं परतताना, साठच्या आसपास वेग असला आणि नाशिकच्या उड्डाणपुलावरचा एखादा जोड लागला, की स्टेअरिंग हातात धडाधडा हलायला लागतं. पुढचं सगळं थरथरतं, आरसे दिसेनासे होतात. वेग तीसवर आला की थांबतं. दुसरी गोष्ट, रिकामी गाडी सरळ चालत नाही. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, सारखं सावरत राहावं लागतं. तिसरी, जुलैत दुसऱ्या एका ठिकाणी स्टॅबिलायझर बसवला, तेव्हापासून हात सोडला की गाडी डावीकडे जाते. थरथर मात्र त्यानंतर दीडेक महिना बंद होती. मग परत आली, आणि पहिल्यापेक्षा जोरात.

मी विचारलं, "माल भरल्यावर जास्त डावी-उजवीकडे पळते का?"

"नाही ना दादा, तेच तर नवल आहे. भरलेली असली की सरळ चालते. वजन बसतं ना."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. ते पुढे महागात पडलं.

स्टॅबिलायझर काय करतो

स्टेअरिंग स्टॅबिलायझर म्हणजे आडवा टाकलेला छोटा शॉकअपच. एक टोक ॲक्सलला किंवा चेसिसला, दुसरं टायरॉडला, म्हणजे पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांडीला. आत तेल असतं आणि ते बारीक छिद्रांतून जातं. तुम्ही सावकाश वळण घेतलं तर तेलाला जायला वेळ मिळतो, विरोध जवळजवळ जाणवत नाही. चाकाला खड्ड्याचा झटका बसला तर तेल तेवढ्या घाईने जाऊ शकत नाही, आणि झटका तिथेच अडतो. एवढंच त्याचं काम. गाडी सरळ चालवणं, चाक मधोमध परत आणणं, ढिला सांधा घट्ट करणं ही कामं त्याची नाहीत.

थरथर कशी सुरू होते तेही सांगतो, कारण सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. समोरची दोन्ही चाकं टायरॉडने एकमेकांना बांधलेली असतात. एका चाकाला धक्का बसला की ते किंचित वळतं, टायरॉड दुसऱ्यालाही वळवतो, टायरचं रबर दबून परत ढकलतं. सांधे घट्ट असतील तर एक-दोन हेलकाव्यांत हे विरतं. सांध्यात प्ले, म्हणजे ढिली मोकळी जागा असेल तर चाक मोकळ्या जागेत जोर घेऊन पलीकडे आदळतं, आणि ठरावीक वेगाला त्याचा ताल जुळतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का देत राहिलं की तो जसा चढत जातो, तसा. वेग उतरला की ताल मोडतो, म्हणून तीसवर थांबतं. अशा वेळी ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारू नये. ॲक्सलरेटर सोडावा, स्टेअरिंग दोन्ही हातांनी नुसतं धरून ठेवावं आणि वेग आपोआप उतरू द्यावा. हे मी पुतण्याला काम सुरू करण्याआधीच सांगितलं, कारण दुरुस्ती होईपर्यंतही त्याला गाडी घरी न्यायची होती.

ढिल्या सांध्यावर स्टॅबिलायझर बसवला की तो हेलकावे गिळतो आणि थरथर दिसेनाशी होते. पण सांधा आत झिजतच राहतो. दीड महिन्याने झीज इतकी वाढते की स्टॅबिलायझरलाही ती आवरत नाही. नानांच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. त्यावर दुसरा स्टॅबिलायझर टाकला असता तर आणखी काही महिने शांततेत गेले असते, आणि मग टायरॉडचा सांधा बहुधा कसाऱ्याच्या उतारावरच निसटला असता. गिऱ्हाईक स्वतः मागतंय म्हणून स्टॅबिलायझर विकणारे लोक मला मनापासून खटकतात. मागणाऱ्याला काय होतंय ते कळतं, का होतंय ते शोधायची जबाबदारी आपली असते.

तपासणी

पहिलं काम, जुना स्टॅबिलायझर सोडला. टायरॉडकडचा नट काढल्याबरोबर दांडी आपोआप बाहेर सरकली. म्हणजे गॅस भरलेला होता. असा स्टॅबिलायझर एकाच बाजूने बसवला की तो सतत एका दिशेला हलकं ढकलत राहतो. मागच्या मैदानात सपाट जागेवर गाडी चालवून पाहिली, डावीकडची ओढ गेलेली. तिसरी तक्रार दहा मिनिटांत सुटली, आणि ती मुळात उपायातूनच आली होती हे नानांनी डोळ्यांनी पाहिलं.

मग हाताने सांधे तपासले. यासाठी गाडी जॅकवर घ्यायची नाही; चाकं जमिनीवर, वजन चाकांवर, इंजिन चालू. एकजण आत बसून स्टेअरिंग अगदी थोडं डावं-उजवं हलवतो, दुसरा खाली पडून प्रत्येक सांध्यावर बोटं ठेवतो. डोळ्यांना न दिसणारा प्ले बोटांना लागतो. डावा टायरॉड एंड, म्हणजे टायरॉडच्या टोकाचा सांधा, टकटक वाजत होता. स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांडीचा, ड्रॅग लिंकचा, सांधा ठीक. स्टेअरिंग बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट घट्ट. पुढच्या पाट्यांच्या शॅकलचे (पाटा चेसिसला टांगणाऱ्या कडीचे) बुश इतके खाल्लेले की पाटा आडवा सरकताना दिसत होता. पाटा सरकला की ॲक्सलही सरकतो आणि स्टेअरिंगला ते वळणासारखंच लागतं.

नंतर ॲक्सलखाली जॅक लावून चाक वर आणि खाली धरून हलवलं. उजवं ठीक, डावं हललं. अशा वेळी आतल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर व्हील बेअरिंग ढिलं, तरीही हलत राहिलं तर किंगपिन, म्हणजे चाक जिच्याभोवती वळतं ती उभी पिन. इथे थांबलं. बेअरिंग ॲडजस्ट करून भागलं, किंगपिनला हात लावावा लागला नाही.

शॉकअप तपासायला मी एक साधी रीत वापरतो. पुतण्याला म्हटलं, तू ढकांब्यापर्यंत जाऊन ये, वेग चाळीसच्या वर नको, पण येताना आतल्या खराब रस्त्याने ये. तो आल्याबरोबर चारी शॉकअपना हात लावला. चालू शॉकअप चाकाची उडी उष्णतेत बदलतो, म्हणून गरम होतो. तीन कोमट होते, पुढचा डावा थंडगार. नळीवर तेलाचा जुना ओघळ होता, त्यावर धूळ बसून काळी साय धरलेली. तो कधीचाच मेलेला होता.

आणि एक गोष्ट जी पावसाळ्यात आमच्या भागात दरवर्षी दिसते. पुतण्या गाडी बागेत आतपर्यंत नेतो. काळी माती रिमच्या आतल्या बाजूला बसते, उन्हात वाळून दगड होते. बाहेरून चाक धुतलेलं चकचकीत, आत एका बाजूला पावशेर माती. चाकाचं बॅलन्स तिथेच बिघडतं. थरथर जुलैत सुरू झाली त्यात या मातीचाही हात होता. चाकं काढून आतून खरवडून धुतली, मग बॅलन्सिंगच्या मशीनवर लावली. ज्यांची गाडी शेतात जाते त्यांनी पाणी मारताना पाइप रिमच्या मागे घालावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

माझी चूक

टायरॉड एंड दोन्ही बाजूंचे बदलले, शॅकलचे पिन-बुश नवे टाकले, बेअरिंग बसवलं, चाकं बॅलन्स केली, टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली ठेवण्याचं माप) लावलं. उड्डाणपुलावर साठने, मग सत्तरने गाडी नेली, स्टॅबिलायझर न लावता. एकदाही थरथर नाही. मी समाधानाने गाडी दिली आणि म्हणालो, शॉकअप आले की दोन दिवसांनी या.

दुसऱ्याच दिवशी सकाळी पुतण्याचा फोन. "दादा, थरथर गेली, पण रिकामी असली की अजून पळतेच."

तेव्हा ते सोडून दिलेलं वाक्य आठवलं. भरलेली असली की सरळ चालते. ढिल्या सांध्यांनी पळणारी गाडी वजन टाकल्यावर एवढी सुधारत नाही. वजनाने काहीतरी कोनात बदलत होतं, आणि तो कोन म्हणजे कॅस्टर.

सायकलचा पुढचा चिमटा मागे झुकलेला असतो, म्हणून हात सोडले तरी चाक सरळ राहतं. गाडीच्या किंगपिनचंही तेच. वरचं टोक मागे झुकलेलं हवं. त्या झुकावाला कॅस्टर म्हणतात आणि स्टेअरिंग आपोआप मधोमध येतं ते त्याच्यामुळे. बहुतेक गॅरेजांत अलाइनमेंट म्हणजे फक्त टो-इन, कारण सलग ॲक्सलच्या गाडीत कॅस्टर फिरवायला नट-बोल्ट नसतो. मीही तेच केलं होतं. आता कॅस्टर मोजला. पुस्तिकेप्रमाणे तीन अंशांच्या आसपास हवा, दोन्ही बाजूंना जवळजवळ शून्य निघाला.

नानांना विचारलं, "पाट्यांचं काही काम केलंय का?"

"एप्रिलात. द्राक्षाचा माल संपल्यावर. पुढचे पाटे बसले होते, कमान मारून घेतली. मागे एक पाटा वाढवला."

कोडं तिथेच सुटलं. पुढच्या पाट्याच्या आणि ॲक्सलच्या मध्ये एक लोखंडी पाचर असते, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. या गाडीत पाटा ॲक्सलच्या वर आहे, त्यामुळे जाड बाजू मागे हवी; तरच ॲक्सल मागे झुकतो. पाटे परत बसवताना दोन्ही पाचरी उलट्या लागल्या होत्या. पाचर एक अंशाची, उलटी लागली की जो एक अंश मिळायचा तो तर जातोच, वर आणखी एक उणा होतो. झाले दोन. मागच्या जादा पाट्याने रिकामी गाडी मागून साधारण पाच सेंटिमीटर उचललेली होती. पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटर अंतर धरलं तर गाडीचं नाक जवळपास एक अंशाने खाली झुकतं, आणि ॲक्सल पाट्यांसकट चेसिसबरोबर झुकतो. झाले तीन. तीन अंशांतलं काहीच उरलं नव्हतं. माल भरला की मागचा भाग बसायचा, नाक वर यायचं, थोडा कॅस्टर परत मिळायचा आणि गाडी सरळ चालायची. पुतण्या अगदी बरोबर सांगत होता.

पाटा ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट सोडून पाचरी फिरवल्या. नवे यू-बोल्ट टाकले, कारण जुने एकदा ताणलेले परत वापरू नयेत असं माझं मत आहे. सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या भोकात नीट बसलंय का ते दोनदा पाहिलं. मागचा जादा पाटा ठेवायचा की काढायचा यावर नानांशी बराच वेळ बोलणं झालं.

पाटा वाढवला म्हणजे गाडीची ताकद वाढली, असा समज खेडोपाडी घट्ट आहे. वजन फक्त पाटा उचलत नाही. ब्रेक, टायर, बेअरिंग, ॲक्सल सगळे तेच राहतात. नाना नव्वद क्रेट भरायचे. टोमॅटोचं क्रेट वीस किलोचं, वर क्रेटचं स्वतःचं वजन धरून बावीस. म्हणजे एक हजार नऊशे ऐंशी किलो. दीड टन पासिंगच्या गाडीत जवळपास पाचशे किलो जास्त, तेही कसारा उतरताना. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, हे मी सांगितलं. पण नानांना पटलं ते दंडाने नाही. मी त्यांना ब्रेक ड्रम उघडून दाखवले. उष्णतेने निळे पडले होते. "काढून टाक तो पाटा," ते म्हणाले. आता सदुसष्ट-अडुसष्ट क्रेट भरतात आणि हंगाम भरात असला की दोन खेपा करतात.

शॉकअप कोणते टाकले आणि का

नानांना गॅसचे हेवी हवे होते. बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. साधे तेलाचे दुहेरी नळीचे, कमी दाबाचा गॅस भरलेले दुहेरी नळीचे, आणि जास्त दाबाचे एकेरी नळीचे. खराब रस्त्यावर साधा शॉकअप सतत चालला की तेलात हवा मिसळून फेस होतो आणि फेसाला विरोध करता येत नाही. गाडी नावेसारखी डुलायला लागते. गॅसचा दाब हा फेस होऊ देत नाही, हा त्याचा खरा फायदा. गॅस वजन उचलतो हा गैरसमज आहे. वजन पाट्यांवर असतं, शॉकअप फक्त पाट्यांची उडी आवरतो.

एकेरी नळीचे कडक शॉकअप मी टाकले नाहीत. रिकाम्या गाडीत ते इतके ताठ लागतात की मागचं चाक खड्ड्यावरून उडतं, आणि ज्या गाडीत टोमॅटो जातात तिला ताठपणा नको असतो. कमी दाबाचे गॅसचे, मूळ लांबीचे, चारही एकदम बदलले. लांबी मोजताना चाक लोंबकळतं ठेवून एकदा आणि रबरी स्टॉपर दबेल एवढं वर उचलून एकदा मोजलं. शॉकअप स्टॉपरच्या आधी तळाला लागला तर महिन्या-दोन महिन्यांत फुटतो. बसवण्याआधी प्रत्येक नग उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण ओढून दाबला, कारण आडव्या ठेवलेल्या दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये हवा तेलात शिरलेली असते. आणि बुशचे नट शेवटी, गाडी चाकांवर उभी असताना आवळले. हवेत लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर चिरतं.

आता स्टॅबिलायझरचं. एवढं झाल्यावर तो हवाच होता असं नाही. पण रात्रीचा घाट, पावसाने उखडलेले रस्ते आणि एकटा ड्रायव्हर हे पाहून मी तो लावायचा सल्ला दिला. समजा एखादं चाक एकदम खड्ड्यात गेलं, तर हाताला बसणारा झटका नक्की कमी होतो. या वेळी गॅस नसलेला, साधा तेलाचा घेतला म्हणजे एका बाजूला ढकलणार नाही. एक टोक ॲक्सलवर, दुसरं टायरॉडवर. दोन्ही एकत्र वरखाली होत असल्याने पाट्याच्या हालचालीने त्याची लांबी बदलत नाही. चाकं सरळ असताना दांडी बरोबर मध्यावर आणली. मग दोन्ही बाजूंना पूर्ण कट मारून, म्हणजे स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवून पाहिलं, दांडीला दोन्हीकडे थोडी जागा शिल्लक राहते का ते. कट संपायच्या आधी स्टॅबिलायझर तळाला लागला तर जोर टायरॉडवर आणि ब्रॅकेटवर येतो, आणि वळणात स्टेअरिंग अडकण्यापर्यंत वेळ येऊ शकते. जुन्या बसवणीत उजव्या कटाला तो तळाला लागत होता, ब्रॅकेटला बारीक चीर गेलेली होती. ती मी पुतण्याला दाखवली. तो बराच वेळ काही बोलला नाही.

घाटातून परत

शेवटची चाचणी भरलेल्या गाडीने केली. अडुसष्ट क्रेट, पुतण्या गाडीवर, मी शेजारी. पहाटे अडीचला निघालो. इगतपुरीपर्यंत स्टेअरिंग दोन बोटांवर. कसाऱ्याच्या वळणांत गाडी पूर्वी एका बाजूला कलून मग सावरायची, असं पुतण्या सांगत होता. या वेळी कलली आणि तिथेच थांबली, परतीचा दुसरा हेलकावा आला नाही. वाशीला माल उतरवून रिकामं परतताना उड्डाणपुलावर मी त्याला म्हटलं, साठ ठेव. जोड गेला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि स्टेअरिंगवरची पकड ढिली केली.

सगळ्यात कमी खर्च टायरॉड एंड, बुश आणि पाचरी फिरवण्याच्या मजुरीचा होता. सगळ्यात जास्त शॉकअपचा. गाडी बरी केली ती पहिल्याने.

पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळले, अर्धा-अर्धा आटा घेतला. शॅकलला ग्रीस पंधरा दिवसांनी मारायचं असं पुतण्याने डॅशबोर्डवर खडूने लिहून ठेवलंय. कॅस्टर आता अडीच अंशांच्या वर आहे. डाव्या पुढच्या टायरची आतली कड उलट्या पाचरींच्या महिन्यांत खाल्ली गेली होती. ती जानेवारीत, द्राक्षाचा माल सुरू व्हायच्या आधी परत मोजायची आहे, आणि तोपर्यंत तो टायर मागे टाकून ठेवलाय.